अठ्ठावन्न किलो

'चंडोल' विमानाचा इतिहास लिहायला चंदन वालावलकरांइतका योग्य माणूस दुसरा नव्हता, आणि तसं म्हणू शकणारे बहुतेक जण आता हयातही नव्हते. विमानाच्या कारखान्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाल्यावर तारकर्लीला बांधलेल्या घराच्या पडवीत बसून ते रोज सकाळी दोन तास लिहीत. दोन टर्बोप्रॉप इंजिनांचं, चौदा प्रवाशांचं हे हलकं विमान छोट्या गावांच्या आखूड धावपट्ट्यांवर उतरावं म्हणून आखलं गेलं होतं. त्याचा पहिला नमुना उडाला, दुसरा पूर्व किनाऱ्यावरच्या चाचण्यांत समुद्रात पडला, तिसऱ्याला प्रमाणपत्र मिळालं. मग अकरा विमानं बनली, बारा वर्षं बेटांवर टपाल आणि आजारी माणसं नेत-आणत राहिली, आणि परदेशी विमानं स्वस्त मिळू लागल्यावर एकेक करून भंगारात गेली. वालावलकरांची भाषा कोरडी आणि नेटकी होती. दुसऱ्या नमुन्याचं प्रकरण त्यांनी दीड पानात आटोपलं होतं: दोन वैमानिक आणि एक चाचणी अभियंता, तिघांचा मृत्यू.

हा इतिहास कारखान्याच्या स्मरणग्रंथात यायचा होता. त्याचं संपादन करणाऱ्या अनुजाचा एका सकाळी फोन आला. जुन्या कपाटात तिला दुसऱ्या नमुन्याच्या शेवटच्या उड्डाणाची लोडशीट, म्हणजे कुठल्या सीटवर किती वजन ठेवलं याचा तक्ता, सापडली होती, वालावलकरांच्या हातची, सहीसकट, आणि ती ग्रंथात छायाचित्र म्हणून छापावी असं तिच्या मनात होतं.

"फक्त एक शंका आहे, सर. प्रवाशांच्या जागी वाळूची पोती होती ना? प्रत्येक सीटवर पंचवीस किलोची तीन पोती, म्हणजे पंचाहत्तर किलो. पण नवव्या सीटपुढे तुम्ही अठ्ठावन्न लिहिलंय. लिहिण्यातली चूक असेल, तर तळटीप देते."

"बघून सांगतो," वालावलकर म्हणाले.

तिने पाठवलेला कागद ते मोबाइलवर मोठा करून बघत राहिले. अक्षर त्यांचंच होतं. अठ्ठावन्नचा आठ सावकाश, नीट वळवून काढलेला होता. घाईत झालेली चूक अशी दिसत नाही, हे त्यांना इतर कुणापेक्षाही जास्त कळत होतं. एकतीस वर्षं ते जी हकिगत स्वतःला सांगत आले होते, ती इतकी घोटीव झाली होती की तिच्यात चाचणीच्या आदल्या दिवशी बाबली फिटर नोकरी सोडून एका बाईबरोबर निघून गेला होता. आता त्या आकड्याकडे बघताना त्यांना वजनकाटा दिसला, ओली होऊन उसवलेली तीन पोती दिसली, आणि काट्यावर उभा राहून हसणारा दोडामार्गचा बाबली दिसला. बाबलीला त्यांनीच आपल्या जिल्ह्यातला माणूस म्हणून कामाला लावलं होतं. चाचणी उड्डाणात पोत्यांच्या जागी माणूस बसवणं हा गुन्हा होता. विमान पडल्यावर समुद्राने दोनच प्रेतं परत दिली, आणि चौथ्या माणसाविषयी कुणी विचारलं नाही. बाबलीच्या बायकोला सांगायला वालावलकर स्वतः दोडामार्गला गेले होते. तिच्या सासूसमोर, दारात उभं राहून, त्यांनी त्या बाईचं एक नावही तयार करून सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी, काजूची कलमं बघायला जातो असं पत्नीला, विमलाबाईंना, सांगून त्यांनी गाडी काढली. आपण बाबलीच्या बायकोला, शेवंतीला, खरं सांगायला चाललो आहोत असं ते कुडाळपर्यंत मानत होते. बांदा मागे पडलं तेव्हा मात्र त्यांच्या लक्षात आलं की ती जिवंत आहे का, आणि असलीच तर अजून कुणाला काही विचारते का, एवढंच त्यांना बघायचं आहे.

ती जिवंत होती. साठी उलटलेली, काटक. अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होती. तिने त्यांना लगेच ओळखलं आणि कपाळावर आठीसुद्धा न आणता पडवीतली खुर्ची पुढे केली.

"बसा, सायब. बाबली परत इलो, तुमका कळला काय? आठ वर्सां झाली."

वालावलकर बसले नाहीत.

"बाबली?"

"मागल्या दाराक आसा. हाक मारतंय," असं म्हणून तिने हाक मारली आणि चहा ठेवायला आत गेली.

घराला वळसा घालून एक माणूस आला आणि पायरीवर बसला. उंच, रुंद हाडाचा, घाऱ्या डोळ्यांचा. बाबली त्याच्या खांद्याला लागला नसता. चेहऱ्यात कुठे ओळखीची रेघही नव्हती. वालावलकरांच्या छातीतलं काहीतरी सैल झालं. कुठला तरी भटका माणूस दारात आला असेल आणि टाकलेल्या बाईने गावाचं तोंड बंद करायला त्याला नवरा म्हणून घरात घेतलं असेल. छानच झालं. आता इथे कुणाला काही सांगायची गरजच उरली नव्हती. उलट, सांगणं हा तिच्यावर अन्याय झाला असता. ते खुर्चीत टेकले, आणि समोरचा माणूस नुसता जमिनीकडे बघतो आहे असं पाहून त्यांनी तिथूनच अनुजाला फोन लावला.

"हो, चूकच आहे ती. पंचाहत्तर करा. वाळूच होती."

त्यांनी फोन खिशात ठेवला.

"सायब," तो माणूस हळूच म्हणाला, "सीटचो पट्टो तुमीच आवळलास."

आवाज बाबलीचा होता. थोडा घोगरा, वाक्याच्या शेवटी किंचित वर जाणारा. त्या मोठ्या, परक्या चेहऱ्यातून तो आवाज येताना ओठ जेमतेम हलत होते.

"तुमी म्हणालास, मी सांगीपर्यंत हलायचा नाय, बोलायचा नाय. विमान वाकडा झाला तेव्हा मी तुमच्या नावान हाक मारूक व्हयी होती. पण मारूक नाय. गप बसलंय." त्याच्या स्वरात राग नव्हता. सांगितलेलं काम नीट केल्याचं कुणी वरिष्ठाला सांगावं, तसं तो सांगत होता. "पाणी इला तरी गप बसलंय."

शेवंती चहा घेऊन आली. वालावलकरांनी तो पोळत असतानाच पिऊन टाकला आणि ते उठले. तो माणूस पुन्हा जमिनीकडे बघत होता. शेवंती त्यांच्या मागोमाग बेड्यापर्यंत, म्हणजे अंगणाच्या बांबूच्या फाटकापर्यंत आली आणि तिथे तिने त्यांना थांबवलं.

"तो माझो बाबली नाय, सायब. पयल्याच दिवसाक माका कळला. पण तेवीस वर्सां लोकांनी माका टाकलेली म्हटल्यानी. कोणतरी दारात येवन उभो रवलो, मी घरात घेतलंय. आठ वर्सांत तो एक अक्षर बोलूक नाय. कोणाकडेच नाय. मुको आसा असाच मी समजलंय. आज चुलीकडसून मी बाबलीचो आवाज आयकलंय. काय बोललो तो?"

"मी फोनवर बोलत होतो."

"तुमचो आवाज माका ठावक आसा," शेवंती म्हणाली. "एकदाच आयकलेलो, पण ठावक आसा."

वालावलकरांनी रुमाल काढून मान पुसली. "तो काही बोलला नाही," ते म्हणाले. "तुम्हाला भास झाला असेल."

मग वळून तिने अंगणापलीकडे, पायरीकडे पाहिलं. तिचा आवाज एकाएकी तरुण बाईसारखा झाला होता.

"बाबल्या, काय बोललंस रे? माका सांग. एकच शब्द सांग."

तो माणूस उठून उभा राहिला. त्याचं तोंड किंचित उघडलं, आणि त्याने शेवंतीच्या खांद्यावरून वालावलकरांकडे पाहिलं. ते सांगतील तसं करायचं, अशा तयारीने तो थांबला होता.

वालावलकरांनी मान हलवली. नाही.

त्याने तोंड मिटलं. शेवंती त्याच्याकडेच बघत होती, त्यामुळे तिला ते दिसलं नाही. ती एक पाऊल पुढे सरकली आणि कान देऊन उभी राहिली.