एका माठातली तेरा रोपं

कॉफीच्या कुळातली नवी जात सापडली, तर आयुष्यात एखादीच. संघमित्राला एकाच सप्टेंबरात दोन सापडल्या, पिंपळनेरच्या डोंगरात, एकाच ओढ्याच्या दोन काठांवर. अलीकडच्या फुलात स्त्रीकेसर लांब, पाकळ्यांबाहेर डोकावणारा. पलीकडच्या फुलात आखूड, नळीत दडलेला. बाकी सगळं सारखं. तिने भिंगाखाली दशांश मिलिमीटरपर्यंत मापं घेतली. इतक्या काटेकोरपणे चुकणं सगळ्यांना जमत नाही.

एका जातीला तिने धुळ्याच्या मोतीलाल सरांचं, म्हणजे आपल्या पीएचडीच्या गाइडचं नाव द्यायचं ठरवलं, दुसरीला आईचं. दोघांना कळवूनही टाकलं. शोधनिबंध अजून जळगावातच, तिच्या लॅपटॉपवर होता. चाळीसगावात मात्र आईने गल्लीभर पेढे वाटले होते.

निबंधात बियांचं वर्णन तेवढं राहिलं होतं. त्यासाठी पलीकडच्या काठावरचं एक झाड तिने मुळांसकट आणून डोंगराखालच्या झुंबरबाईंच्या दारातल्या फुटक्या माठात लावलं होतं. दिवाळीत बिया घ्यायला यायचं होतं. परीक्षेचे पेपर तपासण्यात दिवाळी गेली. ती पोचली ती पुढच्या सप्टेंबरात.

माठ फुलांनी भरला होता. दोन्ही जाती, खेटून.

"अक्का, अलीकडची रोपं पण आणून लावलीत का?"

"मी काय लावसू? तूच एक झाड लाई गयी व्हती. त्यानंच बी पडनं." झुंबरबाईंनी माठाकडे हात केला. "बठ्ठा एकच मायना पोरे शेतस."

सगळी एकाच मायची पोरं? संघमित्राने भिंग काढलं. तेरा रोपं. सात लांब, सहा आखूड. तिने पुन्हा मोजली. सात आणि सहाच.

एकाच जातीत काही झाडांवर लांब स्त्रीकेसराची फुलं यावीत, काहींवर आखूड, ही या कुळाची जुनी रीत. दरवर्षी ती हे दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला शिकवते. परीक्षेत पाच मार्कांना येतं. प्रश्न तीच काढते.

म्हणजे आता जात एक आणि कबूल केलेली नावं दोन. स्टँडवरूनच तिने सरांना फोन लावला.

"सर, एक जात कमी झाली."

"वणवा लागला की काय?"

"नाही सर. दोन्ही एकच निघाल्या."

सर म्हणाले, "स्त्रीकेसर लांब-आखूड?"

"हो."

"हे तुला कोणी शिकवलं होतं?"

"तुम्ही, सर."

"मग माझं नाव काढून टाक. कोणी विचारलं तर मी तुला ओळखत नाही." आणि जरा नरमून, "पाठवायच्या आधी तपासलंस, हे बरं केलंस."

हे श्रेय तिला सहज खिशात घालता आलं असतं. "मी नाही सर. इथल्या एका अक्कांनी सांगितलं."

"मग आभारात पहिलं नाव त्यांचं. माझं शेवटी. बारीक अक्षरात."

दुसरा फोन आईला. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे सरांचं गेलं, माझं राहिलं?"

"हो."

"आणि फुलं दोन्ही तऱ्हेची?"

"हो, पण जात एकच, आई."

"असू दे की. मी गल्लीत दोनच सांगणार."

संघमित्रा दुरुस्त करायला गेली आणि थांबली. मोजणीवरून कोणाला बोलायची तिची ही वेळ नव्हती.