इपीची सहाण

"सहाण कुठंय हिची?" मढी गुंडाळणारी तेकेत म्हातारी खेकसली. "डोळ्यांत हिरवं न घालताच धाडतोस बायकोला? तिकडं जाऊन झुडपं चाचपत फिरेल बिचारी!"

नेहेब बायकोच्या अंगाखालची चटई सारखी करत राहिला. गुडघे पोटाशी, हात तोंडापुढे, अशी इपी चटईवर निजली होती. रोज सकाळी ती आपल्या माशाच्या आकाराच्या सहाणेवर हिरवा दगड उगाळून डोळ्यांत घालायची. तीच सहाण त्यानं टोपलीभर जवांच्या बदल्यात शेजारच्या सेनूला देऊन टाकली होती. तिला न विचारता. त्या साली नदी अशी आटली होती की मगरी दारोदार पाणी मागत फिरायच्या. जव संपले, मागोमाग इपीही.

तो सेनूकडे धावला.

"ती तर आई मेली तेव्हा तिच्याच हातात पुरली की," सेनू म्हणाला. "दुसरी घे एखादी."

"दुसरीचं उगाळलेलं हिच्या डोळ्यांना चालेल होय? ज्याचं त्यालाच लागतं."

"मग जा, माग आईकडं! जितेपणी तिनं कुणाला चिमूटभर मीठ दिलं नाही."

नेहेब खरंच गेला. भर उन्हात दोन्ही हातांनी वाळू उपसली, चटई बाजूला सारली. सेनूच्या आईची कातडी चामड्यासारखी सुकलेली, पण वेणी जशीच्या तशी, आणि तोंडावरचा चिक्कूपणाही. सहाण मुठीत घट्ट.

"दे गं मावशे. पाया पडतो."

त्यानं एक बोट सोडवायला घेतलं. ते काटकीसारखं कडकन वाजलं. त्यानं ते तसंच सोडलं.

मग त्यानं इपीलाच उचलून आणलं, खड्डा रुंद केला आणि तिला म्हातारीसमोर ठेवलं. तोंडाला तोंड.

मागोमाग धापा टाकत आलेल्या तेकेतनं कपाळ बडवलं. "अरे मुडद्या, उलटी निजवलीस! सगळे मेलेले मावळतीकडं बघतात, ही एकटी उगवतीकडं?"

"सहाण तिकडं आहे."

"एका सहाणेवर दोघी? झिंज्या उपटतील एकमेकींच्या!"

"उपटू देत. हिला निदान दिसेल तरी."

त्यानं इपीची बोटं दगडी माशाच्या शेपटीवर टेकवली आणि वाळू लोटली. तेकेत बडबडत निघून गेली. शेवटची मूठ मात्र त्याच्या हातातच राहिली. सूर्य बुडेपर्यंत तो तिथंच बसून होता, मावळतीकडं तोंड करून, इपीच्या वाट्याचं बघत.