लोटाभर उजेड

"खिडक्या लावा काका," निशिगंधा मॅडम म्हणाल्या, आणि मोतीराम दूधवाल्याने चिखलीच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेच्या खिडक्या अशा लावल्या, जणू आत त्याच्यावरच खटला चालणार होता.

मॅडम आपल्या दुधाचा चहा पितात, अशी उन्हाळाभर त्याची समजूत. काल शिपायाने सांगितलं, की त्या ते पीत नाहीत, त्यात लेझर सोडून बघतात.

निर्जळ दूध घराबाहेर गेलं की म्हशीला दृष्ट लागते, असं त्याची माय सत्यभामाबाई म्हणायची आणि दुधात पाण्याचा एक थेंब टाकायची. माय गेली. मोतीरामने रीत मोडली नाही. फक्त म्हशीची काळजी वाढत गेली आणि थेंबाचा मायचा पितळी लोटा झाला. आज मात्र लेझरच्या धाकाने जन्मात पहिल्यांदा त्याने निर्जळ दूध आणलं होतं. म्हैस देवाच्या हवाली.

मॅडमनी काचेच्या टाकीत साधं पाणी भरून हिरवा किरण सोडला. टाकीत काहीच दिसेना. पलीकडच्या भिंतीवर तेवढा हिरवा ठिपका.

"मंधातून उजेड गेला कुठं?"

"इथूनच गेला. वाटेत अडवणारं कोणी नाही, म्हणून दिसला नाही."

त्यांनी दुधाचा थेंब सोडला. अंधारात हिरवी दोरी ताणली गेली. आणखी थेंब पडले. दोरी उसवली, तिचं धुकं झालं, भिंतीवरचा ठिपका विझला आणि अख्खी टाकी आतून उजळली.

"स्निग्धांशाच्या कणांवर आपटून उजेड दिशा विसरतो," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "मग भटकत पसरतो. तापल्या भिंतीत उष्णता पसरते ना, तसा. दोघांचं गणित जवळपास एकच."

मोतीरामने दूध मापताना पाहिलं होतं, उतू जाताना, नासताना पाहिलं होतं. उजळताना नव्हतं पाहिलं. नकळत त्याने चपला काढल्या.

मॅडमनी उजेडाचा पसारा मोजणाऱ्या यंत्रावरचा आकडा वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. "भलताच येतोय. उन्हाळाभर रोज सारखा होता. यंत्रच बिघडलंय. म्हणजे मागचंही सगळं टाकून द्यायचं." त्या यंत्रावर कापड ओढू लागल्या.

गप्प राहिलं तर मोतीरामचं नाव राहत होतं. त्याने टाकीकडे पाहिलं. ती अजून उजळतच होती.

"यंत्र बरोबर हाये, मॅडम. आज म्या दुधात पाणी नाही टाकलं."

मॅडमचा हात थांबला. "आणि रोज?"

"रोज कॅनमांगं मायचा एक लोटा. काठोकाठ. मापात कधी कसर नाही केली."

"काका, उन्हाळाभर फसवलंत मला." त्यांनी यंत्रावरचं कापड परत काढलं. "पण रोज सारखंच फसवलंत, म्हणून काम वाचलं. तो लोटा आणा."

"काऊन?"

"मोजायचाय."

लोटा गेला तो प्रयोगशाळेच्या कपाटातच राहिला, गळ्यात चिठ्ठी बांधून.

दुसऱ्या सकाळी कॅन भरून मोतीराम उंबऱ्यात आला. सवयीने हात फळीकडे गेला. तिथे लोट्याच्या बुडाचा गोल डाग होता. त्याने बोट पाण्यात बुडवून कॅनवर धरलं. बोटाच्या टोकाला थेंब लोंबला. उन्हाची तिरीप त्यातून सरळ निघून गेली.

मग थेंब दुधात पडला. मोतीरामने झाकण लावलं.