आबासाहेबांचा पटका

लासुर्ण्यात कालव्याच्या चारीवर उसाची ट्रॉली उलटली, तेव्हा स्वरूपा अंगणात न्याहारीला बसली होती. लष्करात ती नर्स, हुद्दा लेफ्टनंटचा. सीमेवरच्या इस्पितळातून चार दिवस माहेरी आलेली. आरडाओरडा ऐकला आणि हातातली भाकरी तशीच टाकून ती पळत सुटली.

चारीवर गाव लोटलं होतं, आणि ते सगळं दिग्विजयभोवती. तिच्या थोरल्या चुलत्यांचा, आबासाहेबांचा हा एकुलता नातू. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून हिंडायची हौस नडली आणि हात मोडला. त्यानं असा टाहो फोडला होता की पलीकडच्या वस्तीवरची माणसंही धावली. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात, आणि हा तर मोठ्या घरचा रडणारा. बोलेरो आली, मागं गादी-गोधडी पडली, वारा घालायला चारजण पुढं झाले.

ट्रॅक्टर चालवणारा लखन मात्र चारीच्या कडेला ओल्या चिखलात पाय पसरून गप्प बसला होता. कुणी विचारलं की म्हणायचा, माझं काय न्हाय. गावालाही तेच सोयीचं होतं.

स्वरूपाला तो गप्पपणाच खटकला. स्फोटातले जवान तंबूत आणले जायचे, तेव्हा बोंबलणाऱ्याकडे ती मागाहून वळायची. ओरडायलाही अंगात रक्त लागतं. ती लखनपाशी बसली. ओठ पांढरेफटक, कपाळावर गार घाम, जांभईवर जांभई. नाडी इतकी बारीक आणि इतकी पळती की बोटाखाली ठरेना. तिनं त्याचं नख दाबून सोडलं, तर लाली लवकर परत येईना.

"ताई, माझी बैलं सोडली का कुणी?" त्यानं विचारलं.

लखनकडे जन्मात बैल नव्हते. तिनं त्याला आडवं केलं आणि विजार टरकावली. ट्रॉलीचा पत्रा मांडीत खोल घुसून निघाला होता. रक्त ठोक्याठोक्याला उसळत होतं आणि खालचा चिखल ते पीत होता, म्हणून कुणाला दिसलं नव्हतं.

तिनं जखमेत मूठ दाबली आणि कापड मागितलं. कुणी हातरुमाल पुढं केला, कुणी हळदीची पुडी. तेवढ्यात आबासाहेब आले. घरचं पोर तिकडं तळमळतंय आणि तू इथं काय करतीस, असं त्यांनी तिच्यावर वाकून दरडावून विचारलं. स्वरूपाची नजर त्यांच्या डोक्यावर गेली. पटका लांबलचक, जाड सुती, पिळला तरी तुटणार नाही असा.

"आबा, पटका द्या."

"शुद्धीवर हायस का?"

तिनं दुसऱ्यांदा मागितला नाही. गुडघा जखमेवर रोवला, हात वर केला आणि पटका ओढून काढला. या भागात माणसाच्या पटक्याला हात घालणं म्हणजे त्याच्या इभ्रतीला हात घालणं, तेही पुतणीनं, भर गावासमोर. इभ्रत गेली खड्ड्यात, स्वरूपाच्या मनात आलं. तिनं अर्धा पटका फाडून जखमेत ठासला. उरलेल्याची रुंद घडी मांडीवर वरच्या बाजूला बांधली, गाठीत ट्रॅक्टरचा पाना घातला आणि रक्त थांबेपर्यंत पिळत गेली. लखन किंचाळला. ती तशीच पिळत राहिली.

त्याची आई कुशाबाई तांब्या घेऊन आली. तहानेलेल्याला नाही म्हणू नये, घोटभर तरी पाजू दे, म्हणून तिनं पदर पसरला. लखनही पाणी पाणी करत होता. स्वरूपानं तांब्याच्या तोंडावर रक्ताळलेला हात ठेवला. ऑपरेशनला गुंगी देताना पोटातलं पाणी उलटून छातीत गेलं तर घात होतो, हे तिनं सांगितलं. पण आईला ते पटेना.

"मावशी, मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालत्यात. ह्यो मरणार न्हाय," ती म्हणाली.

मग तिनं दिग्विजयला उठवून पुढच्या सीटवर बसवायला सांगितलं. बोलेरोच्या दारात आबासाहेब उभे राहिले, उघड्या डोक्यानं.

"गाडी माझी हाय."

"मग अडवा. पर गावाला ऐकू जाईल असं सांगा, लखन मेला तरी चालंल म्हणून."

आबासाहेबांचा हात दारावरून हळूहळू खाली आला. लखनला आडवं झोपवलं, दिग्विजयची गोधडी त्याच्या अंगावर आली, आणि बारामतीला पोचेपर्यंत स्वरूपानं पान्यावरचा हात सोडला नाही. रक्ताची तयारी ठेवा म्हणून तिनं वाटेतूनच फोन केला.

दुसऱ्या दिवशी सगळे दवाखान्याच्या व्हरांड्यात होते. लखन वाचला होता, पायही राहिला होता. दिग्विजय प्लॅस्टर मिरवत होता. आबासाहेबांसाठी कुणीतरी नवा पटका आणला, तो त्यांनी झिडकारला.

"भावकीसमोर माझं डोकं उघडं केलंस. माफी माग."

"न्हाय मागणार, आबा. उद्या तशीच वेळ आली तर परत काढीन."

आबासाहेब बाकावर टेकले. तिनं नजर खाली घेतली नाही.

इतक्यात आतून सिस्टर आली आणि पेशंटला आता पाणी चालेल म्हणाली. कुशाबाईनं कालपासून तो तांब्या जवळच ठेवला होता. तो भरून घेऊन ती आबासाहेबांसमोरून चालत आली आणि तिनं तो स्वरूपाच्या हातात दिला.

"आता तूच पाज," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

दोन्ही हातांत तांब्या धरून स्वरूपा वळली. आबासाहेब उठले. उघड्या डोक्यानंच पुढं झाले आणि तिच्यासाठी दार धरून उभे राहिले.