रिक्वेस्टमधलं नाव

मी प्रल्हाद. नवऱ्याच्या मारापायी घर सोडलेल्या बायांना आसरा देणाऱ्या एका संस्थेची वेबसाइट सांभाळतो. संस्थेची शहरात चार घरं. कोणती बाई कोणत्या घरी, ते फक्त साइटवरच्या तिच्या खात्यात लिहिलेलं असते.

सोमवारी सकाळी सर्व्हरचा लॉग, म्हणजे साइटवर कोणी काय दाबलं त्याची नोंद, पाहून राहिलो होतो. कोणी 'पासवर्ड विसरला' दाबलं की तिथं नुसता त्या पानाचा रस्ता दिसते. एका ओळीत मात्र पूर्ण वेबपत्ता होता, अन् त्यातलं साइटचं नाव आमचं नव्हतंच. खातं विनोदिनीचं, आमच्याकडे आसऱ्याले आलेल्या एका बाईचं.

दोष माझाच. आमचं शहर नव्या राज्याची राजधानी झाल्यापासून इथं सरकारी दफ्तरं सारखी हलून राहिली. आमची साइट ज्या दफ्तराखाली येते, त्यानं तीन वर्षांत तीनदा तिचं नाव बदललं. दरवेळी कोडात कोण हात घालन? मी लय शहाणा. बटण दाबणाऱ्याच्या कॉम्प्युटरकडून जी रिक्वेस्ट येते, तिच्यात साइटचं जे नाव येईल, तेच घेऊन मेलमधली लिंक बनवली. ते नाव आपलं आहे काय, हे पाहायचा कंटाळा केला. कोणीतरी विनोदिनीच्या खात्यासाठी रिक्वेस्ट पाठवून तिच्यात स्वतःच्या साइटचं नाव घातलं, म्हणून मेल आमचाच गेला, पण लिंक परक्या साइटची. बाईनं ती दाबली की खात्याची चावी परक्याच्या हाती.

विनोदिनीच्या नवऱ्याचं सदर बाजारात कॉम्प्युटरचं दुकान आहे.

ती पुरानी बस्तीतल्या घरी होती. ते घर पाहणाऱ्या इंदू दीदीले फोन लावला. "विनोदिनीनं मेलमधली लिंक दाबली काय?"

"हव, आत्ताच. संस्थेचाच मेल होता न भैया. काहून?"

"तिले मागच्या दारानं दुसरीकडे पाठवा. सामान राहू द्या."

साइट बंद करून मी गाडी काढली. पोचलो तर नवरा ओट्यावर चपला काढून बसलेला, जावई आल्यासारखा. दीदी दारात उभी होती. विनोदिनीले निघून दहा मिनिटं झाली होती.

दुपारी कोड सुधारला. आपलं एकच नाव पक्कं लिहिलं. दुसरं आलं तर रिक्वेस्ट परत. अवघ्या चार ओळी. मले माझीच लाज वाटली.

संध्याकाळी विनोदिनीले फोन केला. "ताई, चूक माझी होती. आता साइट पक्की आहे. नवा पत्ता तेवढा भरून द्या."

ती म्हणाली,

"भैया, मागच्या वेळीही तुम्ही 'साइट पक्की आहे' म्हणाले, म्हणूनच मी पत्ता भरला होता."

तिच्या खात्यात पत्त्याची जागा आजही रिकामी आहे. मी पुन्हा विचारलं नाही.