सेतुन्याच्या वाट्याचं झाड

फाटकावरच्या पोरीनं वही पुढे सरकवली आणि विचारलं, "आजी, अभयारण्यात पहिल्यांदाच येताय?"

"आत यायची ही पहिलीच खेप गं बाई," सेतुन्या म्हणाली. "मागच्या वेळी मी आतच होते. बाहेर काढलं होतं."

पोरगी हसली. तिला ती थट्टा वाटली. थट्टा कसली डोंबलाची! ओकावांगो नदीच्या याच पाण्यातल्या एका बेटावर सेतुन्याचं घर होतं. ती पाच वर्षांची असताना जनावरांसाठी जागा राखली गेली आणि वस्ती उठली. तेव्हापासून बासष्ट वर्षं बाहेर माउन गावात काढली. आज ती पाहुणी म्हणून सही करत होती.

होडीवाला दितिरो तिशीचा, बडबड्या. त्यानं तिला होडीत बसवलं, मागे उभा राहिला आणि काठी रेटत नियम सांगायला लागला. "पाहुण्यांनी होडीत उभं राहायचं नाही. पाण्यात हात घालायचा नाही. दुपारचा वारा सुटायच्या आत परतायचं. काय बघायचंय, आजी? हत्ती? हरणं म्हणाल तर..."

"हत्ती माझ्या बापानं कोंबड्या हुसकावाव्यात तसे हुसकावलेत. मला झाड बघायचंय."

"झाड? एवढ्या लांब येऊन?"

मग तिनं सांगितलं. तिचा बाप होड्या कोरायचा. मूल पाच वर्षांचं झालं की त्याच्या वाट्याचं एक मोकुचुमोचं, होडीला लागतं तसल्या टणक लाकडाचं, झाड राखायचा. मुलाला खोडाशी उभं करायचं आणि डोक्याबरोबर कुऱ्हाडीनं खाच पाडायची. पोर वाढून ती खाच त्याच्या कमरेला लागली, की काठी धरायच्या वयाचं झालं. मग झाड तोडायचं, होडी कोरायची. थोरल्या भावाला, केबोनांगला, एक खाच. तिचा नंबर दुसरा, म्हणून तिला दोन. केबोनांगचं झाड तोडून झालं, त्याची होडी पाण्यात गेली. तिची राहिली.

"पण केबोनांग म्हणतो, बाबांनी एकाच झाडाला घाव घातला. पोरीला कोण होडी देतं, तू स्वप्न बघितलंस म्हणतो. मेला जन्मभर हेच म्हणत आला. आता मलाही वाटायला लागलंय, खरंच स्वप्न असेल तर?" तिनं डोक्याचं फडकं घट्ट केलं. "आठवण म्हणून बाबांचं माझ्याकडे तेवढंच आहे रे."

लव्हाळ्यातून वाट काढत दितिरोनं होडी दोन तास रेटली. मग तिनं हात केला. "ते बघ! तेच!"

"ते? ते म्हशींचं बेट, आजी."

"म्हशींचं काय? चूल आमची होती तिथं!"

काठावर हत्तीचं शेण होतं, पण वाळलेलं. दितिरोनं कान देऊन ऐकलं आणि तिला उतरवलं. उताराच्या वर मोकुचुमोचं झाड उभं होतं, चांगलं दोघांच्या कवेत न मावणारं. दुसरं तसलं झाड त्या बेटावर नव्हतंच.

दोघं माना वर करून खोडावर खाच शोधायला लागली. पाण्याची माणसं! पूर आला की होडी वर, मासळीची टोपली वर, कोंबड्यासुद्धा छपरावर. चढणाऱ्या पाण्याबरोबर सगळं चढतं हे जन्मापासून बघितलेलं, मग बासष्ट वर्षांत झाड वाढलं तशी खाचही वर गेली असणार, यात दोघांनाही शंका वाटली नाही. दितिरोनं लांब काठीनं दोन पुरुष उंचीवरची साल खरवडली. झाडाभोवती तीन फेऱ्या झाल्या. खाच नाही.

"आजी, वारा सुटेल," तो हळूच म्हणाला.

"म्हणजे केबोनांगचं खरं." ती एका मुळावर मटकन बसली, खोडाला टेकली. "जाऊ दे. उगाच तुला दमवलं. चल." आणि उठायला गेली तर डोक्याचं फडकं मागे सालीत अडकलं.

तिनं चाचपलं. दगडासारखी टणक, दोन ओठ मिटावेत तशी साल मिटली होती. तिच्या खाली दोन बोटांवर आणखी एक. दोन खाचा!

"दितिरो! अरे इथं आहे! होती तिथंच आहे!" सेतुन्या रडायला लागली. "पाच वर्षांच्या माझ्या डोक्याएवढीच रे! पोर वाढतं, खाच नाही. वर कुठं शोधत बसले मी बावळट!"

दितिरोनं सवयीनं खोडावर मूठ वाजवली. "ठणठणीत आहे. काय होडी झाली असती, आजी! आता तोडायला बंदी, आम्ही फायबरच्या चालवतो. पण तुम्ही इथं राहिला असता तर झाड तुटलं असतं, होडी केव्हाच कुजली असती. उठवलं म्हणून हे उभं आहे."

"म्हणजे उपकार झाले म्हण!" ती कडाडली. तो ओशाळला. ती मात्र बराच वेळ वरच्या पानांकडे बघत राहिली. त्याचं खरं होतं, आणि तेच तिला सोसत नव्हतं.

"फोटो काढू? भावाला दाखवायला?"

"नको. त्याला येऊ दे, वहीत सही करून. बघू दे डोळ्यांनी." ती उठली, पाठ खोडाला टेकवून ताठ उभी राहिली, जमेल तेवढी ताठ. "कुठं लागते रे खाच?"

दितिरोनं वाकून बघितलं. "कमरेला, आजी."

सेतुन्यानं डोळे पुसले आणि उतरून होडीपाशी गेली. चपला काढून मागच्या बाजूला चढली, उभी राहिली आणि हात पुढे केला.

"आजी, नियम..."

"बापानं ठरवलेला नियम आधीचा आहे. काठी दे आणि गप पुढे बस."

दितिरोनं काठी दिली आणि पाहुण्याच्या जागेवर जाऊन बसला.