छातीशी धरलेलं बियाणं

एप्रिल उतरणीला लागला होता. उत्तरेला आल्प्सची हिमधवल शिखरं सकाळच्या धुक्यात तरंगत होती. अलीकडे ब्रियांझाच्या टेकड्यांवर तुतीला पालवी फुटली होती: कोवळी, पोपटी, बोटाच्या पेराहून लहान. सुवर्णधूसर ऊन त्या पानापानांतून झिरपत खाली येई आणि गवतावर हलत राही.

त्या हलत्या उन्हातून पाल्मीरा चालली होती. हळू, फार हळू. पन्नाशीची धडधाकट बाई, दोन भरल्या बादल्या घेऊन चढण चढताना कधी दम न खाणारी. पण गेले आठ दिवस ती पहिलटकरणीसारखी जपून पाऊल टाकत होती.

तिच्या झग्याच्या आत, छातीच्या उबेत, मलमलीची एक पुरचुंडी होती. मुठीएवढी, गळ्यातल्या दोरीला बांधलेली. आणि त्या मलमलीत निजलं होतं रेशमाचं बियाणं: खसखशीच्या दाण्याएवढाली हजारो अंडी, करडी, निःशब्द, उबेची वाट पाहणारी.

या टेकडीवर हे बियाणं बाईच्या अंगाच्या उबेनंच उमलायचं. पाल्मीराची आजी तसंच करायची, तिची आई तसंच करायची. दहा-बारा दिवस बाईनं वाकायचं नाही, धावायचं नाही, कुणाला छातीशी कवटाळायचं नाही. मग अळ्या निघायच्या, आणि घर त्यांचं व्हायचं. चुलीजवळची जागा त्यांची, माडी त्यांची, पलंगाची खोली त्यांची. माणसं गोठ्यात निजायची आणि दबक्या आवाजात बोलायची. आणि चाळीस दिवस, शेवटचा कोष विणून होईपर्यंत, त्या घरातल्या माणसानं घर सोडायचं नाही. हा नियम कुणी लिहून ठेवला नव्हता, पण पाल्मीराच्या घरात तो कुणी मोडलाही नव्हता.

एके काळी टेकडीवरच्या चाळीस घरांत रेशीम पिकायचं. मे महिन्यात गावावर एकच पर्णमर्मर पसरायचा, लक्षावधी इवल्या तोंडांनी पानं कुरतडल्याचा; मंद, अखंड, अहोरात्र. अकरा वर्षांची पाल्मीरा खालच्या रेशीमगिरणीत कढत पाण्याच्या घंगाळापुढे बसली, आणि वाफेच्या त्या शुभ्र अंधारात कोषाच्या धाग्याचं न दिसणारं टोक बोटांनी शोधायला शिकली.

मग कारखान्यात बनणारं रेशीम आलं. त्याला ना पान लागे, ना ऊब, ना बाई. गिरणीचा भोंगा मुका झाला. पुरुष मोटारी जोडायला तुरीनला गेले, पोरी मिलानला गेल्या, आणि युद्धानंतर रस्ता रुंद करायला निम्म्या तुती तोडल्या गेल्या. आता रेशीम पिकवणारी उणीपुरी तीन घरं उरली होती. त्यांतलं एक पाल्मीराचं.

आणि आता एर्सीलिया निघाली होती. एकुलती एक लेक, एकोणीस वर्षांची, बापाचं तोंडही न आठवणारी.

मिलानच्या फ्रिजच्या कारखान्यातून तिला पत्र आलं होतं. जाड, पांढराशुभ्र कागद, खाली निळा शिक्का. सोमवारी सकाळी हजर व्हावं. न आल्यास जागा यादीतल्या पुढच्या मुलीला दिली जाईल. पोर ते पत्र उशाखाली घेऊन निजत होती.

यंदा बियाणं लावायचं नाही, असं पाल्मीरानंच हिवाळ्यात सांगितलं होतं. पण पत्र आलं त्याच दिवशी तिनं ते तळघरातून काढलं आणि गुपचूप छातीशी बांधलं. रविवारच्या आत अळ्या निघाल्या, की पोरीचा पाय उंबऱ्याबाहेर पडणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. लबाडीच ती. आईनं केली म्हणून काय झालं, लबाडी ती लबाडीच.

शुक्रवारी सकाळी तुतीची पालवी पाहून ती परतली, तर अंगणात बोरूच्या चटया धुऊन उन्हात टेकवलेल्या. ओल्या चटयांतून प्रकाशाच्या रेघा जमिनीवर पडलेल्या. एर्सीलिया बाह्या सावरून शेवटची चटई घासत होती. किडे ठेवायच्या चटया होत्या त्या.

"तुला कळलं तर," पाल्मीरा म्हणाली.

"परवाच कळलं. पडलेला चमचा उचलायला तू मला माडीवरून हाक मारलीस."

"रागावलीस?"

"रागावून काय करू? एवढी पानं एकटीला झेपणार आहेत का तुला?" एर्सीलिया हसली, आणि पुन्हा चटईकडे वळली.

पाल्मीराचा जीव भांड्यात पडला. पोर राहणार! दुपारभर ती मनातल्या मनात गुणगुणत होती, आणि छातीवरची ती इवली ऊब तिला जगातली सगळ्यात भरवशाची गोष्ट वाटत होती.

मग ऊन कलंडलं. दारातून मधाच्या रंगाचा एक पट्टा आत आला आणि त्या पट्ट्यात, उंबऱ्यावर, एर्सीलिया मांडीवर कागद घेऊन सुईनं भोकं पाडत बसली. अळ्या निघू लागल्या की त्यांच्यावर असा भोकांचा कागद पसरतात, वर बारीक चिरलेला पाला ठेवतात. पाल्याच्या वासानं अळ्या भोकांतून वर येतात, टरफलं खाली राहतात. कुठलाही कागद चालतो.

पाल्मीरा जवळ आली. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात निळा शिक्का होता.

"अगं, हे काय करतेस?"

"जाड, करकरीत आहे. भोकं छान पडतात." पोरीनं मान वर केली नाही. टिप्, टिप्, टिप्, सुई चालली होती. प्रत्येक भोकातून उजेडाचा एक थेंब तिच्या मांडीवर पडत होता. तिचं नाव, कारखान्याचं नाव, सोमवार: सगळ्यावर शांतपणे, सारख्या अंतरानं, भोकं पडत होती.

भांडली असती तर पाल्मीरानं तिला दोन शब्द सुनावले असते. रडली असती तर समजूत घातली असती. पण त्या शांतपणापुढे तिचं काही चालेना. अकराव्या वर्षी घंगाळापुढे बसलेली पोरही अशीच गप्प होती, हे तिला आठवलं.

ती माडीवर गेली. पुरचुंडी उघडली. करडे दाणे फिकट झाले होते, दुधात राख मिसळावी तसे. उमलायला दोनच दिवस. तिनं पुरचुंडी पुन्हा बांधली, आणखी आत, आणखी घट्ट, आणि वरून लोकरीची जाड शाल गुंडाळून खाली आली.

"बियाणं गेलं," ती म्हणाली.

"गेलं म्हणजे?"

"थंडी बाधली. दाणे पार सुकलेत. कोंबड्यांपुढे टाकून आले."

छातीशी जिवंत असलेल्याला मेलेलं म्हणताना तिच्या जिभेला चटका बसला. ऐकलं असेल का त्यांनी? खरंच मरतील का? तिला देवाची भीती वाटली, आणि देवाहूनही त्या मुक्या दाण्यांची.

"मग मी..." एर्सीलियाचा आवाज अडखळला. "मग मी जाऊ?"

किती लपवला तरी त्या आवाजातला आनंद लपत नव्हता. पाल्मीराला तो लागला, आणि हवाहवासाही वाटला. "जा. नि कागदाची नीट घडी कर. भोकं पडली तरी शिक्का शाबूत आहे."

रविवारी दुपारी, रुंद केलेल्या रस्त्यावर, बस आली. मागे पांढरी धूळ, धुळीत तिरकं ऊन. एर्सीलियानं पेटी खाली ठेवली आणि दोन्ही हात पसरून आईकडे धावली.

पाल्मीरा एक पाऊल मागे सरली.

पोरीचा चेहरा तिनं दोन्ही तळव्यांत धरला, पण हातभर अंतरावरच. छातीला छाती भिडली असती तर पुरचुंडी पोरीला लागली असती, आणि पोर पेटी उचलून घरी परतली असती.

"आई, अजून राग आहे तुझ्या मनात?"

'नाही' म्हटलं असतं तर मिठी आली असती. "चढ, बस सुटेल," एवढंच पाल्मीरा म्हणाली. एर्सीलिया डोळे पुसत चढली. खिडकीच्या काचेत तिचा चेहरा क्षणभर दिसला, मग काचेवर आभाळ आलं, मग वळण आलं.

तिला लेकीला कवटाळायचं होतं. आयुष्यात दुसरं काही तिला इतकं हवंसं वाटलं नव्हतं.

धूळ खाली बसली. रस्ता, ऊन, लांबवर उरलेल्या तुतींची रांग; सगळं निवांत झालं. आणि तेव्हाच तिच्या छातीशी काहीतरी हललं. अगदी अस्फुट, केसाच्या टोकानं कुणी शिवावं इतकं हलकं. एक. मग दुसरं. मग मलमलीभर नुसती वळवळ, नुसती कुजबुज, हजार तोंडांची भूक.

जिवंत होते. तिच्या शब्दानं मेले नव्हते. चाळीस दिवसांचं काम होतं, आणि हात दोनच होते.

पाल्मीरानं ते दोन्ही हात छातीवर आणले, एकावर एक घेतले, धक्का लागू नये म्हणून अलगद मिटले. आणि ती चढण चढू लागली, तशीच, स्वतःलाच मिठीत घेऊन. हळू, फार हळू, तुतीच्या दिशेनं.